उंट कुणाचा?

मराठीने उंटाची फार थट्टा केली आहे. अडाणी सल्ला देणारा तो 'उंटावरचा शहाणा' आणि कामात स्वतः न उतरता हुकूम सोडणारा तो 'उंटावरून शेळ्या हाकणारा'. ज्या मुलखात एखादे जनावर जन्मत नाही, फक्त पाहुणे म्हणून येते, तिथे त्याच्या वाट्याला म्हणीच येतात.

आमचे बालपण डहाणूत गेले. शाळेत वाळवंटाचा धडा सुरू झाला की पुढच्या बाकांवरची मुले मागे वळून आम्हा तीन-चार मुसलमान मुलांकडे पाहत आणि हळूच म्हणत, "तुमचा उंट!" गंमत अशी, की आम्ही तोवर उंट पाहिलाही नव्हता. आमच्या घरी शेळ्या होत्या, शेजारी म्हशी होत्या, खाडीत निवटे होते. उंट फक्त खजुराच्या पुड्यावरच्या चित्रात होता. तरीही आम्ही मान खाली घालत असू. ते जनावर आमचे असल्याची कबुली दिल्यासारखे वाटे आणि नाकारावे तर धर्मच नाकारल्यासारखे वाटे.

पुढे बऱ्याच वर्षांनी तलासरीजवळ महामार्गाच्या कडेने चाललेला उंटांचा एक छोटा कळप आम्हाला भेटला. सोबत पांढऱ्या कपड्यांतला, डोक्याला पागोटे गुंडाळलेला एक म्हातारा रबारी होता. चहाच्या टपरीवर तो टेकला, तसे आम्ही विचारले, "काका, यात मादी कोणती?"

"एकही नाही, भाई. सगळे नर."

"का बरं?"

"मादी आम्ही विकत नाही. मुलीला कुणी विकतं का?"

एवढेच बोलून तो उठला. पण ते उत्तर आमच्या मनातून गेले नाही. उंट जन्माला कसा येतो, त्याची पैदास कोण करतो आणि तो 'आमचा' कसा झाला, याचा शोध घ्यावा असे त्या दिवशी वाटले. तो शोध आम्हाला फार दूर नेईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याची सुरुवात आमच्याच तालुक्यात झाली.

डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावात गेल्या शतकाच्या मध्यास काही ताम्रपट सापडले. ते वाचून प्रसिद्ध करण्याचे काम थोर पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी केले. त्यांतला सर्वांत जुना लेख शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. हिजरी सनाने ते वर्ष ३१४ येते. त्या वेळी या मुलखावर राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राचे राज्य होते आणि संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या आसपासच्या प्रदेशाचा अधिकारी होता मधुमती. हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप आहे. लेखात त्याचे दुसरे नाव सुगतिप असे दिले आहे, आणि तो 'ताजिक', म्हणजे अरब असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट होडी ठेवली आणि संयानमध्ये भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नछत्र चालवले. एका ब्राह्मणाने बांधलेल्या भगवतीच्या मठिकेला जमीन देण्याच्या कामीही त्याची संमती होती. तलासरी ते संजाण हे अंतर फार नाही. मध्ये आहे ती फक्त आजच्या दोन राज्यांची सीमा.

हा ताम्रपट दानाविषयी आहे, उंटांविषयी नाही. पण तो एक गोष्ट सांगतो. अरब माणूस या किनाऱ्यावर परका म्हणून उभा नव्हता. तो इथल्या राजाचा अधिकारी होता. याच सुमारास, हिजरी ३०४ मध्ये, अल-मसूदी हा प्रवासी सैमूरला, म्हणजे चौलला आला होता. तिथे दहा हजार मुसलमान वस्ती करून असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. ही माणसे आली ती गलबतांतून, आणि गलबतांतून त्यांनी घोडे आणले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याच्या बंदराविषयी लिहितो तेव्हाही घोड्यांचा व्यापारच त्याच्या डोळ्यांत भरतो. उंटाचा रस्ता मात्र जमिनीचा होता. तो सिंध, कच्छ आणि गुजरातेतून येत असे.

या माणसांनी सोबत आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे भाषा. उंटाच्या पैदाशीचे अरबांचे शास्त्र त्यांच्या शब्दांत साठलेले आहे, आणि त्यांतले काही शब्द आपल्या मदरशांत आजही पाठ केले जातात. फक्त ते शास्त्र आहे हे कुणी सांगत नाही.

जकातीचा हिशेब घ्या. पाच उंटांवर एक बकरी, दहावर दोन, असे करत वीसपर्यंत चार बकऱ्या होतात. पंचविसाव्या उंटापासून मात्र उंटच द्यावा लागतो, आणि तोही ठरावीक वयाचा. २५ ते ३५ उंटांवर 'बिंत मखाद', ३६ ते ४५ वर 'बिंत लबून', ४६ ते ६० वर 'हिक्का' आणि ६१ ते ७५ वर 'जज़आ'. आम्ही लहानपणी हे शब्द पहाड्यांसारखे घोकले. अर्थ विचारला तेव्हा एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची, चार वर्षांची मादी, असे उत्तर मिळाले. ते बरोबरच आहे. पण शब्दांकडे नीट पाहिले तर त्यांत आणखी काही दिसते. बिंत मखाद म्हणजे जिची आई पुन्हा गाभण राहिली आहे अशी लेक. बिंत लबून म्हणजे जिची आई पुन्हा व्याली आहे आणि दुधावर आहे अशी लेक. हिक्का म्हणजे जी आता वाहायला आणि नराला दाखवायला लायक झाली ती. म्हणजे लेकीचे वय आईच्या कुसीवरून मोजले आहे. एका पिल्लानंतर एक वर्ष उलटले की आई पुन्हा गाभण, दोन वर्षे उलटली की पुन्हा दुधावर, हा उंटिणीच्या दोन वेतांमधला सुमारे दोन वर्षांचा काळ त्या दोन शब्दांत बांधलेला आहे.

आता आजचे पशुवैद्यक काय सांगते ते पाहा. उंटीण साधारण तेरा महिने गाभण असते. पिल्लू एकच होते, जन्मतः तीस-चाळीस किलोचे. त्याला पाजत असताना ती सहसा लगेच माजावर येत नाही, आणि माजाचा हंगामही वर्षभर नसतो. तो हिवाळ्यातच असतो. म्हणून एक हंगाम हुकला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबणे भाग. तेरा महिने आणि ही वाट पाहणे मिळून दोन वर्षे होतात. प्रयोगशाळा नसलेल्या वाळवंटातल्या माणसांनी हाच हिशेब जकातीच्या परिमाणात वापरला होता.

दहा महिन्यांच्या गाभण उंटिणीला अरबीत 'उशरा' म्हणतात. तिचे अनेकवचन 'इशार'. सूरह तकवीरमध्ये कयामतच्या खुणा सांगताना याच इशारचा उल्लेख येतो, की त्यांच्याकडे पाहायलाही कुणी उरणार नाही. ज्याने उंट पाळलेला नाही त्याला ही खूण किरकोळ वाटेल. पण तेरा महिन्यांपैकी दहा महिने सांभाळलेली, येत्या वर्षाचे दूध आणि एक जीव पोटात घेऊन उभी असलेली मादी हे बदूचे सर्वांत मोठे धन होते. तो ती सोडून पळतो, तर संकट केवढे असेल! समूद लोकांनी हजरत सालेह यांच्याकडे खडकातून उंटीण मागितली, तीही दहा महिन्यांची गाभणच, असे तफसीरकार सांगतात.

पैदाशीच्या व्यवहाराविषयी हदीसमध्येही दोन मनाया आहेत. इस्लामपूर्व अरबस्तानात लोक उंटिणीच्या पोटातल्या मादीला पुढे होणारे पिल्लूही आज विकत. या सौद्याला 'हबल अल-हबला' म्हणत. तो मना केला गेला. तसेच नराकडून मादी फळवून घेण्याची मजुरी घेणेही मना केले गेले. फकीहांनी दोन्हींमागचे कारण सांगितले ते असे, की जे हातात नाही आणि होईल की नाही हे ठाऊक नाही त्याचा पैसा घेऊ नये. मालिकी फकीहांनी दुसऱ्या बाबतीत काही सवलत दिली, पण मूळ विचार तोच राहिला. उंटाच्या बाबतीत हा विचार किती अचूक आहे ते पुढे विज्ञानाने दाखवले.

गाय किंवा म्हैस ठरावीक दिवसांनी आपोआप बीज सोडते. उंटीण तसे करत नाही. नराचा संग झाला तरच, आणि त्यानंतर साधारण दीड दिवसाने तिचे बीज सुटते. नुसत्या संगाने हे होते असे आधी वाटत असे. १९८५ मध्ये चिनी संशोधकांनी दोन मदारींच्या उंटांवर प्रयोग करून दाखवले, की नराच्या वीर्यातच बीज सोडवणारा घटक असतो. २०१२ मध्ये लामा या उंटाच्या दक्षिण अमेरिकेतल्या चुलत भावंडावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी तो घटक म्हणजे मज्जातंतूंच्या वाढीला मदत करणारे एक प्रथिन असल्याचे ओळखले. आणखी एक नवल असे, की उंटिणीच्या गर्भाशयाला दोन शिंगे असतात, बीज दोन्ही बाजूंनी सुटू शकते, पण गर्भ जवळजवळ नेहमी डाव्याच शिंगात रुजतो.

नराचा माज तर सगळ्या मोहल्ल्याला कळतो. तो दात खातो, खाणे सोडतो, डोक्यामागच्या ग्रंथींतून काळपट स्राव गळतो, आणि तोंडाच्या एका बाजूने टाळूचा मऊ पडदा फुग्यासारखा लाल होऊन बाहेर लोंबतो. त्यातून घशात पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. या फुग्याला अरबीत 'शिक़शिक़ा' म्हणतात. नहजुल बलाग़ा या संग्रहातला हजरत अली यांचा एक खुत्बा याच शब्दावरून 'शिक़शिक़िय्या' म्हणून ओळखला जातो. उंटाचा माज जवळून पाहिलेल्या श्रोत्यांना तो शब्द समजावून सांगावा लागला नसेल.

मादी गाभण राहिली की नाही हे ओळखण्याची पशुपालकांची पद्धतही सोपी आहे. दोन-तीन आठवड्यांनी नर किंवा माणूस जवळ गेला की गाभण मादी शेपटी वर उचलून वळवते आणि मान ताठ करते. आज सोनोग्राफी आहे, पण बिकानेरपासून सोमालियापर्यंत पहिली खूण आजही शेपटीच आहे.

हे ज्ञान फक्त अरबांचे होते असे समजण्याचे कारण नाही. आपल्या संजाणवर मुहम्मदाचा अंमल होता त्याच शतकात इस्तख्री आणि इब्न हौकल हे भूगोलकार सिंधच्या उंटांविषयी लिहितात. तिथल्या भटक्या लोकांकडचे दोन मदारींचे नर खुरासानपर्यंत पैदाशीसाठी नेले जात. दोन मदारींचा नर आणि एका मदारीची मादी यांच्यापासून 'बुख्ती' नावाचा मोठा, बळकट उंट होई. रेशमाच्या वाटेवरचे ओझे या संकरित जनावराच्या पाठीवरून गेले. दोन्ही जातींची गुणसूत्रे ७४ असतात, म्हणून हा संकर वांझ होत नाही. पण त्याची पुढची पिढी तेवढी दमदार निघत नाही. म्हणून दोन्ही शुद्ध वाण राखावे लागत.

अकबराच्या काळी अबुल फज़लने 'आईने अकबरी'त उंटखान्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. तो सांगतो, की उंट कुठल्याही देशात हिवाळ्यातच माजावर येतात, या खात्याचे यश माद्यांवर अवलंबून आहे, आणि उत्तम उंट गुजरात सुभ्यात कच्छच्या जवळ निपजतात. दोन मदारींच्या नराला तो 'बुगूर' म्हणतो. संकरित नराला बादशहाने 'बुग़दी' आणि मादीला 'जम्माज़ा' ही नावे दिल्याचेही तो नोंदवतो. आणि याच प्रकरणात, उंटाच्या सवयी जाणणारी हिंदूंमधली एक जमात म्हणून 'रायबारी' लोकांचा उल्लेख येतो. तलासरीच्या टपरीवर भेटलेला आमचा म्हातारा त्याच जमातीचा. बादशहाच्या उंटखान्यात अरबी आणि फारसी शब्द होते, पण उंटाला चाल शिकवणारा हात रबाऱ्याचा होता.

मराठी मुलखातही उंट आला तो सैन्याबरोबर. शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत उष्ट्रखाना होता. पेशवाईत तातडीचा खलिता घेऊन सांडणीस्वार धावत. सांडणी म्हणजे चपळ उंटीण. तिचे नाव मराठीने आपल्या पोटात घेतले. १७६१ मध्ये पानिपतावर अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुरक तोफांनी मराठ्यांचे मोठे नुकसान केले हे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण हे सारे उंट बाहेरून आणलेले. कोकणात तर उंटाचे वेत झाल्याचे कुणी अभिमानाने सांगत नाही.

याचे कारण मातीत आणि पावसात आहे. उंटाचा पाय गादीसारखा मऊ असतो. वाळूत तो रुततो कमी, पण चिखलात घसरतो. त्याहून मोठा शत्रू म्हणजे सर्रा हा रोग. पावसाळ्यात वाढणाऱ्या मोठ्या डंख मारणाऱ्या माश्या त्याचे परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. १८८० मध्ये डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ एव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याने हा परजीवी शोधला. रोग वर्षानुवर्षे रेंगाळतो, म्हणून राजस्थानात त्याला 'तिबरसा' म्हणतात. त्यात उंट झुरत जातो आणि गाभण माद्या गाभडतात. डहाणूसारख्या ओल्या किनाऱ्यावर उंटाचा वंश का वाढला नाही याचे उत्तर धर्मात नव्हते, ते माशीत होते.

तरी समुद्राचा उंट नसतोच असे नाही. खंभातच्या आखातापासून कच्छपर्यंत 'खाराई' नावाचा उंट आहे. तो भरतीच्या पाण्यात पोहत जाऊन खाडीतली तिवरे खातो. त्याला फकिराणी जत हे मुसलमान आणि रबारी हे हिंदू असे दोघेही पाळतात. २०१५ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. आमच्या डहाणूच्या खाडीतही तीच तिवरे आहेत. फक्त पाऊस जास्त आहे. मिठागरे आणि बंदरे वाढली तशी तिकडची तिवरे घटली आणि खाराईचे खाणे तुटले. मादीला पोटभर मिळाले नाही तर ती माजावर येत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. डहाणू तालुक्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तिवर गेले की खाडीत आधी काय हरवते, हे खाराईवाले सांगू शकतील.

विज्ञानाने या काळात मोठी मजल मारली. बिकानेरचे राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र १९८४ मध्ये सुरू झाले. दुबईत १९९८ मध्ये उंट आणि लामा यांचा संकर जन्मला आणि एप्रिल २००९ मध्ये 'इंजाज़' ही जगातली पहिली क्लोन केलेली उंटीण. तिच्यामागच्या संशोधकांत मूळचे काश्मीरचे निसार अहमद वाणी होते. तरीही गाईम्हशींत जे कृत्रिम रेतन खेडोपाडी होते ते उंटात अजून अवघडच आहे. वीर्य चिकट, गोठल्यासारखे असते, आणि नराशिवाय मादीचे बीज सुटत नसल्याने तिला आधी संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून पैदास आजही कळपातल्या चांगल्या नरावर आणि त्याला निवडणाऱ्या माणसाच्या नजरेवर अवलंबून आहे.

तो माणूसच आता कमी होत चालला आहे. १९७० च्या दशकाअखेर देशात सुमारे ११ लाख उंट होते. २०१२ च्या पशुगणनेत ४ लाख उरले, २०१९ मध्ये अडीच लाख. ट्रॅक्टर आले, गाडे ओढणारा नर कुणाला नको झाला. मादी विकायची नाही हा जमातीचा नियम असल्याने पैसा येई तो नराच्या विक्रीतूनच. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केले आणि २०१५ मध्ये कत्तल व राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. हेतू रक्षणाचा होता. पण नर विकला जाईना तेव्हा कळप राखणेच परवडेना, अशी पशुपालकांची तक्रार आहे.

जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी कच्छी रबाऱ्यांकडचे ५८ उंट ताब्यात घेतले आणि पाच जणांना अटक केली. उंट कत्तलीला नेत असल्याचा आरोप होता. ते उंट सगळे नर होते. ज्याला पैदाशीचा नियम ठाऊक नाही त्याला हे संशयास्पद वाटेल. ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल, दुसरे काय असणार? पुढे कोर्टाने उंट मालकांना परत देण्याचा आदेश दिला. मे २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात आलेल्या शंभराहून अधिक उंटांवरूनही असाच गदारोळ झाला. काही उंट दगावले. उंटांची काळजी घेणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. जनावरांचे हाल थांबलेच पाहिजेत. पण बकरीद जवळ आली की रस्त्यावर उंट दिसणे हाच पुरावा ठरतो, आणि त्या संशयाची सावली रबाऱ्यावर पडते तशी ज्याने उंटाला हातही लावला नाही अशा आमच्यावरही पडते. शाळेतला 'तुमचा उंट' मोठा होऊन आता पंचनाम्यात बसला आहे.

म्हणून हा इतिहास सांगायचा. उंट आमचा आहे, हे आम्ही आता मान खाली न घालता म्हणू. बिंत मखाद आणि शिक़शिक़ा हे शब्द आमच्याकडे आहेत. पण तो तितकाच त्या रबारी काकांचा आहे, ज्यांच्या जमातीने बादशहाचे उंट घडवले आणि जे मादीला मुलगी म्हणतात. तो सांडणी म्हणणाऱ्या मराठीचाही आहे. एक काम मात्र आपल्या हातात आहे. आपल्या मुलांना जकातीचे कोष्टक शिकवाल तेव्हा त्या शब्दांचा अर्थही सांगा. लेकीचे वय आईच्या कुसीवरून कसे मोजले, ते सांगा. आणि चिंचणीच्या ताम्रपटातल्या त्या मुहम्मदाचे नाव सांगा, ज्याने याच मातीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी होडी आणि ताट ठेवले होते.